सिग्नलला दिसायचं कसं?

चौकाच्या कोपऱ्यावर एक करडी लोखंडी पेटी असते. लोक तिच्यावर जाहिराती चिकटवतात, तिला टेकून फोनवर बोलतात. ती पेटी उघडून सिग्नलची देखभाल करणं हे माझं काम. त्यामुळे ओळखीचं कुणी भेटलं की ठरलेला प्रश्न येतो: रस्त्यावर चिटपाखरू नाही, मी एकटाच उभा, तरी हा दिवा हिरवा का होत नाही? उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. सिग्नलला तुम्ही दिसलेलेच नसता. त्याची नजर सगळ्या रस्त्यावर नसते. थांबरेषेजवळच्या काही हात जागेपुरती ती असते, आणि तिथेही एकाच कुठल्यातरी पद्धतीने चालते. ती जागा आणि ती पद्धत ओळखायची कशी आणि मग उभं कुठे राहायचं, ते सांगतो.

आधी बघा, सिग्नल बघतो तरी का

पुष्कळ सिग्नल कुणालाच बघत नाहीत. आत घड्याळ असतं आणि ठरलेला तक्ता: गर्दीच्या वेळचा एक, दुपारचा एक, रात्रीचा एक. अशा सिग्नलसमोर तुम्ही कुठेही आणि कसेही उभे राहा, काही फरक पडत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. दोन-तीन फेऱ्या हातातल्या घड्याळावर मोजा. (लाल, हिरवा, पिवळा असा पूर्ण चक्कर झाला की एक फेरी.) गाड्या असोत नसोत, प्रत्येक रस्त्याला तेवढेच सेकंद मिळत असतील तर तो तक्त्यावर चालतोय. उलटे सेकंद मोजणारा आकडा लावलेला असेल तर तोही सहसा तक्त्यावरच चालतो. हिरवा किती वेळ राहणार हे सिग्नलला आधीच ठाऊक असल्याशिवाय सेकंद उलटे मोजणार कसे?

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. सेन्सर असलेला सिग्नलही कधीकधी रिकाम्या रस्त्याला दर फेरीत हिरवा देत बसतो. गाडी ओळखण्यासाठी रस्त्यात पुरलेली तार तुटली की डिटेक्टर, म्हणजे ती तार वाचणारं यंत्र, "इथे गाडी आहे" असंच सांगत राहतो. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. बिघडायचंच असेल तर कुणालातरी फुकटचा हिरवा मिळालेला चालेल, पण कुणीतरी जन्मभर लालवर अडकलेलं चालणार नाही, असा त्यामागचा हिशेब. पाठीमागच्या गल्लीला विनाकारण हिरवा मिळतोय अशी कुरकुर ऐकली की मी बहुधा मेगर (तारेचं आवरण शाबूत आहे का ते तपासणारं यंत्र) घेऊनच निघतो.

डांबरातला चौकोन

थांबरेषेच्या अलीकडे डांबरावर काळ्या चकचकीत रेघांचा चौकोन किंवा गोल दिसतो का बघा. तो म्हणजे लूप. करवतीने डांबरात बोटाहून बारीक खाच पाडतात, तिच्यात तांब्याच्या तारेचे तीन-चार वेढे घालतात आणि वरून रबरासारखा मसाला ओतून खाच बुजवतात. चौकोनाची बाजू बऱ्याच ठिकाणी १.८ मीटरच्या आसपास, म्हणजे सहा फूट असते; काही ठिकाणी तो मार्गिकेच्या लांबीत बराच मागेपर्यंत जातो. कोपरे तिरके छाटलेले दिसतील. तार काटकोनात वळवली की तिचं आवरण नेमकं तिथेच सोलवटतं, म्हणून. चौकोनातून एक रेघ निघून रस्त्याच्या कडेला जाते. तिच्या मागोमाग गेलात तर आमच्या पेटीपाशी पोचाल.

पेटीतलं डिटेक्टर कार्ड या तारेत सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारा प्रवाह सोडत असतं. त्यामुळे तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वर गाडी आली की तिच्या तळाच्या धातूत छोटे भोवरी प्रवाह उमटतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. त्याने लूपची वारंवारता किंचित वाढते. कार्ड फक्त ही वाढ मोजतं. मोटारीने काही टक्क्यांचा फरक पडतो. सायकलीने टक्क्याच्या दहाव्या भागाइतका, कधी त्याहूनही कमी.

एवढं समजलं की तीन गैरसमज आपोआप गळून पडतात. पहिला, वजनाचा. लूपला वजन कळत नाही. लूपवर उड्या मारणारे लोक मी पाहिलेत, त्यांचा व्यायाम होतो. हा समज अगदीच हवेतून आलेला नाही म्हणा. १९२० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जे पहिले डिटेक्टर आले त्यांत रस्त्यात बसवलेल्या धातूच्या पट्ट्या खरोखरच चाकाच्या दाबाने एकमेकींना टेकायच्या. ते बरीच वर्षं चालले. लूप आले १९६० च्या दशकात. त्याच सुरुवातीच्या काळात, १९२८ मध्ये, बाल्टिमोरला चार्ल्स अ‍ॅडलर या संशोधकाने हॉर्नच्या आवाजावर बदलणारा सिग्नल बसवला होता. गाडी थांबवायची, हॉर्न वाजवायचा, खांबावरचा मायक्रोफोन तो ऐकायचा. आज लाल दिव्यासमोर हॉर्न दाबून धरणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन की तुम्ही शंभरेक वर्षं उशिरा आलात.

दुसरा गैरसमज म्हणजे फक्त लोखंड चालतं. लूपला वीज वाहणारा कुठलाही धातू चालतो, आणि अ‍ॅल्युमिनियम तर उत्तम चालतं. तिसरा, दुचाकीच्या खाली लोहचुंबक लावण्याचा. त्यासाठीचे चुंबक विकायलाही असतात. लूप धातूतले प्रवाह ओळखतो, चुंबक नव्हे. मुठीएवढ्या चुंबकाने त्याच्या आकड्यात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्याचंही तेच.

सायकल आणि दुचाकी: रेघेवर, मधोमध नाही

सगळ्यात जास्त त्रास होतो तो सायकलवाल्यांना, आणि त्यांच्याइतकं चुकीच्या जागी दुसरं कुणी उभं राहत नाही. चौकोन दिसला की माणूस साहजिकच त्याच्या मधोमध जाऊन थांबतो. मोटारीसाठी ते बरोबर आहे. सायकलीसाठी तीच सगळ्यात वाईट जागा.

माझ्या गाडीत सायकलची एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची रिम कायम पडलेली असते. टायर नाही, ट्यूब नाही, एक स्पोक नाही, नुसतं कडं. लूप तपासायचा असला की मदतनीस ती घेऊन रस्त्यावर उतरतो आणि मी पेटीत कार्डावरच्या इवल्याशा लाल दिव्याकडे बघत बसतो. तो रिम उभी धरून चौकोनाच्या मध्यात नेतो: दिवा विझलेला. तशीच उभी ठेवून हळूहळू बाजूला सरकवतो. खाच वीतभर लांब असेपर्यंत काही नाही. बरोबर रेघेवर, रेघेच्या दिशेने रिम आली की दिवा टच्चकन लागतो. रेघेला आडवी धरली की विझतो. मग तो तीच रिम चौकोनाच्या आत आडवी झोपवतो आणि दिवा पुन्हा लागतो.

कारण असं की तारेच्या अगदी वर चुंबकीय क्षेत्र आडवं असतं, तारेला काटकोनात. रेघेच्या दिशेने उभं असलेलं चाक म्हणजे त्या क्षेत्रासमोर धरलेलं धातूचं कडं. सगळं क्षेत्र त्याच्या पोटातून जातं आणि कड्यात प्रवाह उमटतो. चौकोनाच्या मध्यात तेच क्षेत्र खालून वर, सरळ उभं असतं. उभ्या चाकाच्या कडेकडेने ते निघून जातं, पोटातून काहीच जात नाही. मोटारीचा तळ आडवा पसरलेला, म्हणून तिला मध्य चालतो.

तेव्हा सायकलीची दोन्ही चाकं प्रवासाच्या दिशेने जाणाऱ्या रेघेवर, उजव्या किंवा डाव्या खाचेवर ठेवून थांबा. "जवळपास" चालत नाही, बरोबर रेघेवरच. चौकोनाच्या पोटातूनही एक रेघ गेलेली दिसली, म्हणजे शेजारी-शेजारी दोन चौकोन असावेत तसं, तर त्या मधल्या रेघेवर थांबा. तिथे दोन्ही बाजूंच्या तारांतला प्रवाह एकाच दिशेने जातो, त्यामुळे तिथला जोर जवळपास दुप्पट असतो. तिरप्या रेघा आखलेला चौकोन असेल तर नशीबवान आहात. तो सायकली ओळखण्यासाठीच तसा केलेला असतो आणि तिथे जागेची फारशी काळजी करावी लागत नाही. काही देशांत योग्य जागेवर सायकलीचं चित्र आणि त्याच्या वर-खाली छोटी रेघ रंगवलेली असते. ती रेघ तुमच्या चाकांसाठी आहे.

रिम कार्बनची असेल तर गोष्ट अवघड होते. सांगाडा धातूचा आहे की नाही याने लूपला विशेष फरक पडत नाही, रिमने पडतो. अशा वेळी सायकल थोडी चौकोनाच्या आतल्या बाजूला कलवून बघा. त्यानेही नाही झालं तर पुढे सांगतो ते पादचारी बटण आहेच. सायकल रस्त्यावर पूर्ण आडवी पाडली तर धातूच्या रिमने दिवा नक्की लागतो, पण मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही अपघात झाल्यासारखे दिसाल. करू नका.

मोटरसायकल आणि स्कूटरलाही हाच नियम: चाकं रेघेवर. इंजिन आणि चाकांचा धातू भरपूर असल्यामुळे त्यांना सायकलीपेक्षा सूट जास्त. तरी मार्गिकेच्या अगदी कडेला, चौकोनाच्या बाहेर उभं राहून उपयोग नाही.

वरून नवीन डांबर पडलं आणि रेघाच दिसत नसतील तर? लूप खाली शाबूत असू शकतो. तो मार्गिकेच्या मधोमध बसवतात आणि बाजू १.८ मीटर धरली, तर त्याच्या कडा मोटारींची चाकं जिथून जातात त्या पट्ट्यांच्या आसपास येतात. थांबरेषेला लागून, मोटारीच्या चाकांच्या एका पट्ट्यात थांबा. अंदाज आहे, पण मध्यात थांबण्यापेक्षा बरा.

मोटारवाल्यांनो, रेषेपर्यंत या

तुमचा एकच दोष असतो: थांबरेषेच्या एक गाडीभर मागे थांबणं, नाहीतर रेषा ओलांडून पार झेब्रावर. दोन्हीकडे लूप मोकळाच राहतो. लूपवरून जाताना तुमची मागणी, म्हणजे इथे हिरवा हवाय ही खबर, नोंदली गेली असेल, पण बऱ्याच मार्गिकांमध्ये कंट्रोलर (पेटीतलं दिवे बदलणारं यंत्र) ती लक्षात ठेवत नाही; गाडी लूपवरून गेली की मागणी रद्द. हे मुद्दाम असतं. एखादी गाडी लाल असतानाच परवानगी असलेलं वळण घेऊन निघून गेली तर तिच्यासाठी रिकाम्या मार्गिकेला हिरवा द्यायची गरज राहत नाही. बंपर रेषेच्या जरा अलीकडे, एवढंच लक्षात ठेवा.

उंच ट्रकचा वेगळा प्रश्न आहे. तळ इतका वर असतो की दोन आसांच्या मधला भाग लूपवर आला तर डिटेक्टरला वाटतं गाडी गेली. ट्रकवाल्यांनी पुढची चाकं रेषेजवळ आणली की बहुधा भागतं.

लूपवर गाडी बंद पडून तशीच राहिली तर काही वेळाने डिटेक्टर तिला विसरतो. हा बिघाड नाही. ऊन, पाऊस, थंडी यांनी लूपचे आकडे दिवसभर हळूहळू सरकत असतात आणि कार्ड त्यांच्याशी जुळवून घेत असतं. न हलणारी गाडीही शेवटी त्याला हवामानासारखीच वाटू लागते.

रस्त्यावर रेघाच नसतील तर वर बघा

खांबावर सिग्नलच्या वर किंवा आडव्या दांड्यावर, थेट तुमच्या मार्गिकेकडे तोंड करून बसवलेला छोटा कॅमेरा असेल तर तो बहुधा ओळख पटवणारा आहे. (गोल घुमटातला फिरणारा कॅमेरा वेगळा, त्यातून कुणीतरी रहदारी बघतं, पण सिग्नल त्याच्यावर चालत नाही.) आम्ही लॅपटॉपवर त्याचं चित्र उघडतो आणि प्रत्येक मार्गिकेवर माउसने चौकट आखतो. चौकटीतलं चित्र बदललं की तिचा रंग बदलतो आणि कंट्रोलरला मागणी जाते. इथे धातूचा संबंध नाही, त्यामुळे कार्बनची सायकलही चालते. दुश्मन वेगळे: संध्याकाळच्या लांब सावल्या, ओल्या रस्त्यावर पसरलेला हेडलाइटचा उजेड, धुकं, काचेवर कोळ्याने विणलेलं जाळं. कोळी ही माझ्या कामातली नेहमीची तक्रार आहे. रात्री कॅमेऱ्याजवळ किडे येतात आणि त्यांच्यामागे तो येतो. तुम्ही करायचं ते एवढंच: रात्री दिवा लावा, मार्गिकेच्या मध्यात थांबा आणि उंच गाडीच्या आड राहू नका. इथे मध्य बरोबर आहे, लूपच्या उलट.

उष्णता बघणारे कॅमेरेही असतात. त्यांना अंधाराने फरक पडत नाही, आणि माणूस व सायकलस्वार त्यांना चांगले दिसतात.

चपटी, काच नसलेली डबी असेल तर ती रडार. काही रडार उभ्या गाड्याही ओळखतात, काही फक्त त्यांच्याकडे चालून येणाऱ्या. दुसऱ्या प्रकारात फार रेंगाळत आलात तर नोंद होत नाही, म्हणून शेवटचे काही मीटर नेहमीच्या वेगाने या आणि मग थांबा.

शिवाय रस्त्यात पुरलेली, वाटीएवढी गोल चकती कुठे कुठे दिसते. तो मॅग्नेटोमीटर. तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडाने होणारा बदल मोजतो आणि बिनतारी पेटीला कळवतो. इथे लोखंड लागतंच. लूपवर चालणारी अ‍ॅल्युमिनियमची सायकल इथे अदृश्य.

हेडलाइट मारून काही होत नाही

अँब्युलन्स आणि अग्निशमन गाड्यांसाठी काही सिग्नलवर प्रकाश ओळखणारं यंत्र असतं. गाडीवरचा दिवा ठरावीक वेगाने, सेकंदाला दहा-चौदा वेळा, आणि नव्या पद्धतीत सांकेतिक क्रमाने, बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये लुकलुकतो. तुमचे हेडलाइट हाताने तेवढ्या वेगाने आणि तेवढ्या अचूकपणे मारता येत नाहीत. असं उपकरण गुपचूप विकत घेऊन वापरणं अमेरिकेत २००५ पासून संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. हल्ली जीपीएस आणि रेडिओवर चालणारी यंत्रणाही असते. बसलाही तिच्यामार्फत हिरवा थोडा लांबवून किंवा लाल थोडा आखडून दिला जातो.

दिसलो, आता पुढे काय होतं

तुमची मागणी पोचली म्हणजे लगेच हिरवा असं नाही. तुम्हाला आडव्या जाणाऱ्या रस्त्याचा हिरवा तीन वेळांच्या हिशेबाने चालतो: किमान, वाढीव आणि कमाल. समजा किमान ७ सेकंद, वाढीव ३, कमाल ४०. हिरवा लागला की ७ सेकंद काही झालं तरी राहणार. मग डिटेक्टरवरून प्रत्येक गाडी गेली की ३ सेकंदांची मुदत नव्याने सुरू होते. सलग ३ सेकंद कुणीच गेलं नाही तर हिरवा संपतो. गाड्यांची रांग तुटलीच नाही तर ४० ला तो जबरदस्तीने तोडला जातो, कारण आता तुमच्या रस्त्यावर तुम्ही वाट बघताय. तुम्ही नसता तर कमालची मोजणी सुरूच झाली नसती.

यातून ड्रायव्हरांसाठी एक कामाची गोष्ट निघते. रांगेत पुढची गाडी निघाल्यावर फोनमधून मान वर काढायला वेळ लावलात आणि मध्ये मोठी फट पडली, तर सिग्नलला वाटतं रांग संपली. तुम्ही कसेबसे निघून जाता, मागचे लालवर अडकतात. मागचे लोक तुमच्या नावाने का ओरडतात ते आता कळलं असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळीने जोडलेले सिग्नल. मुख्य रस्त्यावर सलग हिरवे मिळावेत म्हणून एका मार्गावरचे चौक एकाच फेरीच्या तालावर बांधलेले असतात. आडव्या गल्लीला त्या फेरीत एकच खिडकी मिळते. ती नुकतीच निघून गेली आणि तुम्ही आलात, तर फेरी १०० सेकंदांची असताना दीड मिनिटाच्या आसपास थांबावं लागेल, मुख्य रस्ता ओस पडला असला तरी. कोपनहेगनच्या नोरेब्रोगाडे रस्त्यावर हा ताल ताशी २० किलोमीटरने चालणाऱ्या सायकलींसाठी लावलेला आहे, तेव्हा मोटारींसाठीच हे सगळं असतं असं नाही. रात्री उशिरा बरेच चौक या तालातून मोकळे केले जातात. तेव्हा तोच सिग्नल काही सेकंदांत उत्तर देतो.

सिडनीत जन्मलेली स्कॅट्स आणि ब्रिटनमधली स्कूट, या दोन्ही १९७० च्या दशकातल्या पद्धती, हा तालही सेन्सरच्या आकड्यांवरून सतत बदलत राहतात. थांबलेल्या माणसाला त्याने वेगळं काही करायला लागत नाही.

म्हणून "मी दिसलो नाही" असं ठरवण्याआधी दोन पूर्ण फेऱ्या थांबा. आडव्या रस्त्याला दोनदा हिरवा मिळून गेला आणि तुमचा नंबर दोन्ही वेळा वगळला गेला, तर तुम्ही दिसलेले नाही. मग जागा बदला. त्यानेही नाही झालं तर उतरा आणि पादचारी म्हणून ओलांडा. अमेरिकेतल्या काही राज्यांत अशा वेळी दुचाकी आणि सायकलीला काळजीपूर्वक लाल ओलांडायची कायद्याने मुभा आहे. बाकी ठिकाणी ती गृहीत धरू नका.

चालणाऱ्यांसाठी

बटण एकदा दाबलं की पुरे. पहिल्या दाबाला मागणी नोंदली जाते, पुढचे वीस दाब कंट्रोलरच्या दृष्टीने झालेच नाहीत. बटणाजवळ छोटा दिवा किंवा "थांबा" अशी अक्षरं पेटली तर नोंद झाली. काहीच पेटत नसेल तर बटण मेलेलं असेल किंवा नावापुरतंच उरलेलं असेल. न्यूयॉर्कमध्ये सिग्नल संगणकाच्या तक्त्यावर गेल्यानंतर बरीचशी बटणं निकामी झाली. २००४ मध्ये बातमी आली तेव्हा सुमारे ३,२५० पैकी २,५०० हून अधिक काही करतच नव्हती. ती काढायला खर्च येतो म्हणून तशीच राहिली. काही चौकांत बटण फक्त रात्री कामाचं असतं, दिवसा चालण्याचा हिरवा दर फेरीत आपोआप लागतो. तेव्हा दाबायचं, पण त्याच्यावर राग काढायचा नाही.

ब्रिटनमधल्या पफिन क्रॉसिंगवर बटणाच्या जोडीला सेन्सरही असतात. बटण दाबून तुम्ही निघून गेलात तर कडेचा सेन्सर मागणी रद्द करतो, आणि म्हातारं माणूस अजून रस्त्यातच असेल तर दुसरा सेन्सर गाड्यांचा लाल लांबवतो. म्हणून तिथे बटण दाबून चार पावलं लांब सावलीत जाऊन उभं राहू नका. तिथल्या बटणाच्या पेटीखाली हात घालून बघा: बोटाएवढा खाचांचा शंकू असतो, चालायचा हिरवा लागला की तो फिरतो. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आहे तो. सिंगापूरमध्ये २००९ पासून काही क्रॉसिंगवर ज्येष्ठांनी आणि अपंगांनी आपलं कार्ड टेकवलं की ओलांडायला ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात.

ओलांडायचा वेळ साधारण सेकंदाला १.२ मीटर चाल धरून काढतात, म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. तुमच्यासोबतचं माणूस याहून हळू चालत असेल, तर अर्धा झालेला हिरवा सोडून द्या, पुन्हा बटण दाबा आणि पुढचा हिरवा लागता लागता निघा. हिरवा माणूस लुकलुकायला लागला की तो निघण्यासाठी नसतो, निघालेल्यांनी पोचण्यासाठी असतो.

तक्रार अशी लिहा

"सिग्नल चालत नाही" एवढंच लिहून आलं की मी चौकात जातो, सगळे दिवे व्यवस्थित लागत असतात आणि मी परत येतो. त्याऐवजी असं लिहा: पेटीवरचा किंवा खांबावरचा क्रमांक. कुठून कुठे जात होता आणि कितवी मार्गिका. वेळ, आणि पाऊस होता का. वाहन कोणतं, सायकल असेल तर रिम कसली. चाक नेमकं कुठे होतं. आडव्या रस्त्याला किती वेळा हिरवा गेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नंतर मागून मोटार आल्यावर दिवा लगेच बदलला का.

बदलला असेल तर लूप धडधाकट आहे, फक्त कार्डाची संवेदनशीलता कमी ठेवलेली आहे. ती एक-दोन पायऱ्या वाढवायची, शेजारच्या मार्गिकेतल्या ट्रकनेही दिवा लागायला लागला नाही ना ते रिम घेऊन आणि थोडा वेळ थांबून बघायचं. काही मिनिटांचं काम. मोटारीलाही हिरवा मिळाला नसेल तर कार्ड, जोडणी किंवा कॅमेऱ्याची सरकलेली चौकट, आणि मग मला शिडी घेऊन यावं लागतं. सगळे दिवे एकदम लुकलुकत असतील तर मात्र लिहीत बसू नका, फोन करा. पेटीत एक स्वतंत्र यंत्र फक्त एवढंच बघत असतं की एकमेकांना आडव्या जाणाऱ्या दोन रस्त्यांना एकाच वेळी हिरवा लागत नाही ना. तशी शंका आली की ते कंट्रोलरला बाजूला सारून सगळा चौक लुकलुकीवर टाकतं, आणि कुणीतरी येऊन बघेपर्यंत तो तसाच राहतो.

फोटो पाठवणार असाल तर लाल दिव्याचा नको, तो कसा दिसतो ते मला माहीत आहे. चाकाखालच्या डांबराचा पाठवा.